नळदुर्गचे एक जावळ

निमंत्रण आले ते फोनवर, आणि तेही चार वाक्यांचे. "सर, मुलगी झाली. येत्या गुरुवारी अकीका आहे. नळदुर्गला यायचंच. तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक असेल." मजकूर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. बारा वर्षांपूर्वी सोलापुरात माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून 'लीळाचरित्रा'वर मला अडचणीत आणणारे प्रश्न विचारणारा हा मुलगा आता स्वतःच एका शाळेत मराठी शिकवतो.

चौथे वाक्य मी मोठ्याने वाचले तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. आमच्याकडे अंडेसुद्धा येत नाही आणि अकीका म्हणजे बोकड, एवढे ज्ञान घरात सर्वांना होते. "तुम्ही जाणार? आणि तिथे बसून काय करणार?" सौभाग्यवतींनी विचारले. ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण दीड वर्षापूर्वी ह्याच मुलाचे पहिले बाळ पाचव्या दिवशी गेले, तेव्हा परीक्षांच्या गडबडीत मी नुसता फोन करून मोकळा झालो होतो. ते मनाला लागून राहिले होते. बुधवारी दुपारी पिशवी भरली आणि सोलापूरच्या स्थानकावर उमरग्याची एस. टी. पकडली.

सोलापूर ते नळदुर्ग जेमतेम पन्नास किलोमीटर. हैदराबादचा हमरस्ता. भाद्रपदाचे दिवस, दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडू लागलेले, तूर अजून हिरवीगार. तांदुळवाडी, इटकळ मागे पडले की अणदूर येते. अणदूरचा खंडोबा हे एक मजेदार प्रकरण आहे. देव एक आणि देवळे दोन! सव्वादहा महिने देवाचा मुक्काम अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. दोन गावांत तसा करारच आहे आणि देव न्यायला-आणायला माणसे जातात तेव्हा तो कागदोपत्री पक्का होतो. ह्याच खंडोबाला लोक 'मल्लूखान' म्हणूनही हाक मारतात. ज्या मुलखात देवसुद्धा दोन घरचा पाहुणचार घेतो, तिथे मी एका घरचा घ्यायला काय हरकत होती?

नळदुर्गात उतरलो की पहिल्यांदा किल्लाच पाहावा लागतो. तो पाहिल्याशिवाय गाव तुम्हाला आत घेत नाही. शंभरावर बुरुजांचा हा भुईकोट, आणि त्याच्या पोटात बोरी नदीवर बांधलेला तो प्रसिद्ध पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ च्या सुमारास हा बंधारा बांधला आणि बंधाऱ्याच्या भिंतीतच महाल बसवला. नदी भरली की डोक्यावरून पाणी पडते आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो! नर आणि मादी असे दोन धबधबे. त्या दिवशी दोन्ही वाहत होते आणि समोर पुण्या-सोलापूरची मंडळी मोबाईल उंचावून उभी होती. १८५३ साली निजामाने वऱ्हाडाबरोबर हा भागही इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा ठगांच्या कहाणीने विलायतेत गाजलेला मेडोज टेलर इथे कारभारी म्हणून येऊन राहिला होता. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला गेले, धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ साली उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले.

मात्र ह्या जिल्ह्याचे एक नाव अजून बदललेले नाही. तेच बघायला आम्ही संध्याकाळी निघालो. विद्यार्थी, त्याचे चाचा आणि मी. चाचा म्हणजे बकऱ्यांतले दर्दी. "सर, उस्मानाबादी बघायची तर मुलखात बघा," ते मोटारसायकलवरून मागे वळून सांगत होते आणि मी त्यांना पुढे बघण्याची विनंती करत होतो. उस्मानाबादी शेळी! काळीभोर, उंच पायांची, लोंबत्या कानांची. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत देशभरच्या जनावरांच्या जातींची नोंद होते. तिथे ती ह्याच नावाने आहे. ह्या कोरड्या मुलखात बाभळीचा पाला खाऊन जगते, बरेचदा जुळी देते, आणि नड आली की विकता येते. बाईमाणसाच्या हातातली ही बँकच.

शेजारच्या गावात एका शेतकरीण मावशीच्या दारात बोकड बांधला होता. चाचांनी पहिल्यांदा त्याचा जबडा उघडून दात पाहिले. आदत चालत नाही. वर्षाचा पुरा हवा, म्हणजे दोनदाती. मग कान पाहिले, शिंगे मुळापासून शाबूत आहेत ना पाहिले, चार पावले चालवून पाहिले. आंधळे, लंगडे, रोडके, कान तुटलेले जनावर ह्या कामाला घेत नाहीत. जे आपण कुणाच्या तरी नावाने देणार ते नासके-कुसके असू नये, असा त्यातला भाव. बाजारात सौदा होतो तेव्हा रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. इथे तसले काही झाले नाही. मावशीने सरळ विचारले, "कशाला नेताय?"

"लेक झालीय. तिच्या अकिक्याला."

"जावळाला म्हणा की!" मावशी म्हणाली आणि पाचशे रुपये खाली आली. बोकड दिला, पण त्याच्या गळ्यातले दावे तिने सोडून घेतले. दावे द्यायचे नसते. दावणीची लक्ष्मी जाते. चाचांना हे ठाऊक असावे, कारण त्यांनी खिशातून आपली दोरी काढली.

मावशीचा तो एक शब्द माझ्या डोक्यात रात्रभर घोळत राहिला. भाषा शिकवणाऱ्याचे हे एक दुखणे असते. 'अकीका' ह्या अरबी शब्दाविषयी जुन्या पंडितांत वाद आहे. काहींच्या मते त्याचा धातू 'कापणे' असा, म्हणून तो त्या बळीला लागला. पण बसऱ्याचा अस्मई नावाचा मोठा कोशकार, नवव्या शतकाच्या पूर्वार्धात वारला, त्याचे म्हणणे असे की, अकीका म्हणजे मुळात मूल जन्माला येताना डोक्यावर घेऊन येते ते केस! ते उतरवताना जे जनावर कापतात, त्याला मागाहून तेच नाव पडले. म्हणजे शब्दशः जावळच. आमच्याकडेही 'जावळ' म्हणजे केस आणि 'जावळ' म्हणजे तो सोहळा. खंडोबाला, तुळजाभवानीला किंवा येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाऊन मामाच्या मांडीवर लेकराचे जावळ काढायचे आणि बोकडाचे जेवण घालायचे, ही मराठवाड्यातली कितीतरी घरांची चाल. अस्मईला जे पटवायला ग्रंथ धुंडाळावे लागले, ते मावशीने दावे सोडता सोडता सांगून टाकले.

गुरुवारच का, हेही त्या रात्री कळले. मुलगी जन्मली शुक्रवारी. जन्माचा दिवस पहिला धरला की सातवा दिवस गुरुवारी येतो. म्हणून जन्मवाराच्या आदल्या वारी अकीका, असा सोपा हिशेब घरच्या बायका करतात. त्यात एक मेख आहे. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तेव्हा गुरुवारी दिवेलागणीनंतर जन्मलेले मूल शुक्रवारचेच. सातवा हुकला तर चौदावा, तोही हुकला तर एकविसावा. सूनबाईंची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली होती, म्हणून ह्यांनी एकविसावा धरला.

सकाळी लवकर जाग आली. अंगणात कडुलिंबाखाली बोकड पाणी पीत होता. कापण्यापूर्वी त्याला पाणी पाजायचे, त्याच्यासमोर सुरीला धार लावायची नाही, दुसरे जनावर त्याच्या डोळ्यांदेखत कापायचे नाही, असे नियम आहेत. मुलाणी आला. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त, १९१५ सालच्या, हा मुलाणी गावच्या कारूनारूंत भेटतो. बलुते गेले, पण तो अजून आहे. मागच्याच आठवड्यात एका मराठ्याच्या घरी कंदुरीला जाऊन आल्याचे त्याने सांगितले. पिराला नवस बोलायचा, तो फेडायला बोकड न्यायचा आणि मुलाण्याकडून हलाल करून गावजेवण घालायचे, ह्याला आमच्याकडे कंदुरी म्हणतात. घर हिंदूचे, सुरी मुलाण्याची. ह्यात काही विशेष आहे असे आजवर त्या भागात कुणाला वाटले नाही.

सुरी मात्र बापाने धरावी हे अधिक चांगले मानतात. माझा विद्यार्थी पुढे झाला. ज्या हाताने त्याने उभ्या आयुष्यात खडूशिवाय काही धरले नसेल, तो हात कापत होता हे मला दिसले. मौलवीसाहेबांनी दुआ सांगितली, ती तो मागून म्हणाला. तिचा अर्थ त्याने मला आदल्या रात्री सांगितला होता. मुलीचे आणि बापाचे नाव घेऊन देवाला म्हणायचे की, हिच्या रक्ताबद्दल ह्याचे रक्त, मांसाबद्दल मांस, हाडाबद्दल हाड, कातडीबद्दल कातडी, केसाबद्दल केस घे. मग देवाचे नाव घ्यायचे.

मला पुढचे पाहवले नाही. मी कडुलिंबाच्या शेंड्याकडे पाहत राहिलो. हे लिहिले नाही तर पुढचे सारे खोटे वाटेल, म्हणून लिहितो. तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर तुळजापुरात नवरात्राच्या होमानंतर अजाबली होतो. त्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत, भवानीच्या दर्शनालाही अनेकदा गेलो आहे, आणि तिथेही मी नेमका त्या वेळी कधी गेलेलो नाही. नजर चुकवण्याची माझी सवय जुनीच आहे. ती काही नळदुर्गाला जडली नाही.

एक गोष्ट मात्र मी मौलवीसाहेबांना विचारलीच. मुलाला दोन बोकड आणि मुलीला एक, हे कसे? ते हसले. म्हणाले, हदीसमध्ये तसे आले आहे. पण पैगंबरसाहेबांनी आपल्या नातवांचे, हसन आणि हुसेन यांचे, अकीके केले तेव्हा एकेकच मेंढा होता अशीही एक परंपरा सांगते, आणि इमाम मालिकांच्या मते मुलगा असो की मुलगी, एकच. आमच्या हनफी पंथात तर अकीका सक्तीचा नाहीच. केला तर पुण्य. कोकणातले मुसलमान शाफई, ते ह्या बाबतीत अधिक काटेकोर. उत्तर विद्वत्तेचे होते. माझे समाधान झाले नाही, तसे मी बोललोही. "मास्तर, तुमच्या लेकीच्या बारशाला पेढे होते का बर्फी?" असे त्यांनी विचारले आणि मी गप्प बसलो. आमच्या कन्येच्या वेळी खरोखरच बर्फी वाटली होती.

तोवर आत न्हावी बसला होता. बाळ दादीच्या मांडीवर. आमच्यात मामाची मांडी लागते, इथे दादीची चालली. बाळाने एकदा तारस्वरात निषेध नोंदवला आणि मग वस्तऱ्याच्या थंड स्पर्शाने की काय, झोपी गेले. उघड्या डोक्याला केशराचे पाणी लावले. इस्लामच्या आधी अरब लोक बळीच्या रक्ताने मुलाचे डोके माखत. ती चाल मोडून त्या जागी केशर आले. मला हा बदल फार आवडला.

केस एका कागदात बांधून विद्यार्थी आणि मी पेठेतल्या सराफाकडे गेलो. केसांच्या भाराइतकी चांदी दान करायची असते. फातिमाबीबींना त्यांच्या मुलाच्या वेळी पैगंबरांनी तसे सांगितले होते. सराफाने आधी कोरा कागद तोलला, मग पुडी तोलली. ग्रॅमच्या वर दोन-तीन ठिपके. सराफाने चष्मा वर केला. "आम्ही देवीला वाहतो. तोलायचं आम्हाला नाही सुचलं," तो म्हणाला आणि तोलणावळ घेतली नाही. हिशेबाने चांदीची किंमत घरच्या मंडळींच्या एका वेळच्या चहाइतकी आली. विद्यार्थ्याने ती पाचपट करून एका विधवा बाईच्या घरी पोचवली. मला दारातच उभे केले.

परत आलो तर मांसाचे तीन वाटे झाले होते. एक गरिबांना, एक नातलगांना, एक घरात. हाडे फोडायची नाहीत असा अम्मांचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या आईचा, हुकूम होता, सांध्यासांध्यांतून सोडवायचे. कसाई कुरकुरत होता, कारण ह्यात वेळ जातो. जुन्या चालीने डोके न्हाव्याचे आणि एक फरा सुईणीचा. न्हाव्याने डोके नेले. फऱ्याचा प्रश्न पडला. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंना बोकडाचा फरा कोण नेऊन देणार? शेवटी तो गावातल्या आशाताईंच्या घरी गेला. कातडे मदरशाला, पूर्वी त्याचे चार पैसे येत, आता कातड्याला भाव नाही.

दुपारी पंगत बसली. पन्नासेक पाने. माझे पान माजघरात, आणि माझ्या शेजारी दुसरे एकच पान. अम्मांचे. दोन्ही पानांत पिठले, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मला वाटले, पाहुण्याला एकटे वाटू नये म्हणून ही माउली आपले जेवण सोडून बसली. मी संकोचून म्हणालो, "अम्मा, तुम्ही बाहेर बसा. मला नको इतका मान."

"नक्को कायकू?" त्या म्हणाल्या. "मैं वैसे बी नै खाती."

आई, बाप, आजी, आजोबा यांनी अकिक्याचे मांस खायचे नाही, ही दख्खनची जुनी चाल. जाफर शरीफ नावाच्या दक्षिणी गृहस्थाने आपल्या लोकांच्या रीतिरिवाजांवर लिहिलेले 'कानून-ए-इस्लाम' डॉ. हर्क्लॉट्सने इंग्रजीत केले आणि १८३२ साली ते लंडनला छापले गेले. त्यातही ती नोंदली आहे. ज्याचा अकीका तो स्वतः, त्याचे आईबाप आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, अशा सात जणांना ते अन्न वर्ज्य. मौलवीसाहेब म्हणतात, ह्याला शास्त्राधार नाही, सगळ्यांनी खावे. विद्यार्थ्याने आणि त्याच्या बायकोने खाल्ले. अम्मांनी खाल्ले नाही.

जेवता जेवता त्या बोलू लागल्या. घरात दखनी, माझ्याशी मराठी, आणि मधेच दोन्हींची मिसळ. पहिले बाळ गेले त्याचे त्यांच्या मनाला एक वेगळेच लागून राहिले होते. त्यांनी लहानपणापासून ऐकले होते की मूल अकिक्यापर्यंत गहाण असते. हे हदीसवचनच आहे, आणि काही थोर इमामांनी त्याचा अर्थ असा लावला आहे की अकीका न होता मूल गेले तर कयामतच्या दिवशी ते आईबापांची रदबदली करू शकत नाही. "सोडवायच्या आधीच गेलं ना ते, सर," अम्मा म्हणाल्या. "मी मौलवीसाहेबांना चारदा विचारलं. ते म्हणाले, सातव्या दिवसाच्या आधी गेलेल्याचं काही देणं राहत नाही. ते मोकळंच." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "चारदा विचारलं," त्या पुन्हा म्हणाल्या.

गोरोबाकाकांचे तेर ह्याच जिल्ह्यात. चिखलात तुडवले गेलेले त्यांचे बाळ मी वर्गात किती वेळा शिकवले असेल! भक्तीची तल्लीनता समजावून सांगताना त्या बाळाच्या आजीचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

"आणि ह्याचा तर राहिलाच आहे," अम्मांनी पंगतीत वाढणाऱ्या मुलाकडे बोट केले. "हा चार दिवसांचा होता."

१९९३ चा सप्टेंबर. अम्मा बाळंतपणाला माहेरी, लोहारा तालुक्यात. गणपती बुडाले त्याच रात्रीची पहाट, ३० तारीख, चार वाजायला चार मिनिटे कमी. मूल दुधासाठी रडत होते म्हणून त्या जाग्या होत्या आणि त्याला घेऊन ओसरीत आल्या होत्या. माळवदाचे घर मागे बसले. एक भाऊ आत राहिला. "मग कोण बकरा आणतो आणि कोण डोकं काढतो! दुसऱ्या गावातून दूध आलं तेच मोठं." पुढे कधी पैसा नव्हता, कधी नवरा आजारी, मग नवराच राहिला नाही. बत्तीस वर्षे हे त्यांच्या डोक्यावर आहे. मौलवीसाहेब म्हणतात, आता नाही केले तरी चालते. केले तरी चालते.

"मग करायचा म्हणता?"

त्या उठल्या आणि मला मागच्या परसात घेऊन गेल्या. पत्र्याच्या छपराखाली दोन करडे बांधली होती. काळीभोर, जुळी, लोंबत्या कानांची. आम्हाला पाहताच दोन्ही दावे ताणून पुढे आली आणि अम्मांच्या पदराचे टोक चघळू लागली. मुलासाठी दोन लागतात ना!

"पोराचं डोकं भादरायचं का मग?" मी विचारले. बत्तिशीच्या त्या शिक्षकाचे डोके, मागे आधीच विरळ झालेले, माझ्या डोळ्यांसमोर आले. अम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. मोठ्या माणसाला ते नसते म्हणे.

"अम्मा, तुम्ही हाताने पाला घालताय ह्यांना. वाईट नाही वाटणार?"

"वाटणार तर!" त्या करडाच्या कानामागे खाजवत म्हणाल्या. "म्हणून तर खात नै ना, सर."

बाहेरून विद्यार्थ्याने हाक मारली. साडेचारची सोलापूर गाडी गाठायची होती. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत भाकऱ्या आणि चटणीची पुडी कोंबली, आणि करडांकडे मान वळवून म्हणाल्या, "पुढल्या साली दोनदाती होतात हे. तेव्हा बाईंना घेऊन या. मी पिठलं टाकते. तिघांचं."